विक्रेत्याचा भाग

मला खोली भाड्यानं देण्याआधी साहेबांनी माझा नमुना काढला होता. हे मला बऱ्याच महिन्यांनी त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, उलगडून सांगितलं, आणि तेव्हा रागावण्याऐवजी मी हसले. त्या घरात राहायला मी लायक झाले होते, याचा तो पुरावा समजायला हरकत नाही.

झालं होतं ते असं. मी मूळची वालूरची. परभणीच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवत होते. तासिका तत्त्वावर म्हणजे पिशवीवर 'प्राध्यापक' छापलेलं आणि आत माल निम्मा. खोली शोधत धान्याच्या मोंढ्यामागच्या गल्लीत पोचले तेव्हा दारात एक उंच, वाळक्या अंगाचा, पांढऱ्या भुवयांचा म्हातारा उभा होता. त्यानं ना गाव विचारलं, ना जात, ना लग्नाचं. खोली शोधणाऱ्या एकट्या बाईला हे तीन प्रश्न पाण्याच्या पेल्याआधी मिळतात, त्यामुळे मी जरा बावरलेच. "बगतो, मंग सांगतो," एवढं म्हणून त्यानं दार लावून घेतलं.

दोन-तीन दिवसांनी माझा तास चालू असताना तोच म्हातारा मागच्या बाकावर येऊन बसला. मला वाटलं, कुणा पोराचा आजोबा असेल. तास निम्मा झाल्यावर आला आणि संपायच्या आत उठून गेला. संध्याकाळी निरोप आला, "बाई, या राहायला. मधात बऱ्या शिकवता."

सुरुवात सगळेच चांगली करतात, असं साहेबांचं म्हणणं. सुरुवात म्हणजे पोत्याचं तोंड. तिथं दुकानदार निवडून ठेवलेले दाणे पसरतो. म्हणून ते भाषणाला उशिरा जात, वर्तमानपत्र मधल्या पानापासून वाचत आणि नव्या माणसाच्या पहिल्या दहा वाक्यांकडे लक्षच देत नसत. समोरचा मनापासून ओळख करून द्यायचा आणि साहेब खिडकीतून बाहेर बघत बसायचे. अकराव्या वाक्याला वळून म्हणायचे, "हां, आता बोला."

कृषी खात्यात त्यांनी बियाणे निरीक्षक म्हणून नोकरी केली होती. दुकानादुकानात जायचं, बियाण्याचे नमुने काढायचे आणि तपासणीला धाडायचे. निवृत्तीच्या वेळी सहकाऱ्यांनी शाल-श्रीफळ दिलं. साहेबांनी मात्र मागून घेतली ती एक जुनी परखी. परखी म्हणजे पोत्यात खुपसायची टोकदार लोखंडी नळी. ती आत जाते आणि बाहेर येताना पोत्याच्या पोटातले दाणे घेऊन येते. ती परखी बैठकीत बुद्धाच्या तसबिरीखाली खिळ्याला टांगलेली असे. आलेला पाहुणा आधी तसबिरीला हात जोडायचा, मग परखीकडे बघून जरा सावरून बसायचा.

माझा घरमालक कोण हे वडिलांना फोनवर सांगितलं, तर ते ओरडलेच. "तो? आगं, त्यानं आपल्या वालूरात तुझ्या चुलत्याच्या दुकानातली समदी थप्पी खाली उतरवली होती! चुलत्यानं वरची पिशवी पुढं केली, 'ही घ्या साहेब' म्हणून. तर म्हणतो कसा, 'नमुना देऊ नका, मी काढतो.' हमालांनी घामाघूम होऊन बुडातली पिशवी काढून दिली. चहा बी पिला न्हाई. लय तऱ्हेवाईक." मग म्हणाले, "घे खोली. तिथं तुला फसवायला कुणी येणार न्हाई."

नमुना मागू नये, काढावा. हे वाक्य साहेब इतक्या वेळा म्हणत, की गल्लीतली पोरंसुद्धा कैऱ्या चोरताना ते म्हणायची. मागितलेला नमुना नेहमी चांगलाच निघतो, कारण तो देणाऱ्यानं निवडलेला असतो. भाजीच्या बाजारात बायका त्यांना 'खालचे साहेब' म्हणत. ते लांबून दिसले, की एखादी आपणहून टोपलं उपडं करी आणि शेजारणीला सांगे, "आले बगा खालचे. घ्या आता, वांग्याचं गर्वहरण." किराणा दुकानात ते फळीवरचा पहिला बिस्किटपुडा कधी उचलत नसत, हात पार मागं घालून भिंतीला टेकलेला पुडा ओढून काढत. तो बहुतेक वेळा सगळ्यात जुना आणि मऊ पडलेला असे. पण तत्त्वासाठी माणसानं थोडी मऊ बिस्किटं खायला काय हरकत आहे?

घरातही तेच. भाजी असो, वरण असो की रविवारचं मटण, साहेबांची पळी सरळ तळाला जायची. "ह्यांच्या पळीला तळ लागल्याबिगर आमच्याकडं जेवण सुरू होत न्हाई," काकू म्हणायच्या. "आमच्या घरात मीठ बी परीक्षा देऊन येतं."

माणसांची वर्गवारी ते बियाण्याच्या भाषेत करायचे. बियाणं दोन तऱ्हेचं. एक प्रमाणित, म्हणजे दुसऱ्या कुणीतरी शेतात येऊन, तपासून, शिक्का मारलेलं. दुसरं सत्यप्रत, म्हणजे ज्याच्या खरेपणाची ग्वाही खुद्द कंपनीनंच पिशवीवर छापलेली. "सत्यप्रत वाईटच असतं असं न्हाई," साहेब समजावून सांगत, "पर त्याचं खरं-खोटं त्याच्यापाशीच असतं." आमच्या कॉलेजचे प्राचार्य, दोन नगरसेवक आणि गल्लीच्या कोपऱ्यावरचा दातांचा डॉक्टर हे सगळे सत्यप्रत होते. प्रमाणित माणूस मी त्यांच्या तोंडून एकच ऐकला, तो म्हणजे काकू. त्यांना त्यांनी स्वतः तपासलं होतं, असं ते म्हणत; काकूंच्या मते तपासणी उलट बाजूनं झाली होती.

आता जावयाकडे येते. साहेबांना एकच मुलगी. ती पाथरीला दिलेली, तिला मी ताई म्हणत असे. जावई देखणा, उमदा, दंडाला शर्ट पुरत नाही असा. त्यानं आधी विमा विकला, मग प्लॉट विकले, आणि आता पाथरीत जिम काढली होती. माणूस वाईट नव्हता. जे विकायचा त्यावर आधी त्याचा स्वतःचा विश्वास बसायचा, आणि इतका पटकन बसायचा की बघणाऱ्याला काळजी वाटावी. साहेब धोंड्याचा महिना मानत नसत, पण जावई मात्र मानत. एरवी पाहुण्यासमोर ताठ बसणारा हा माणूस जावई आला की उठून उभा राहायचा, पाव्हणं-पाव्हणं करत पाट मांडायचा. या एकाच माणसाची पहिली दहा वाक्यं ते लक्ष देऊन ऐकत.

त्या वर्षी काकूंचे गुडघे पार गेले होते. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करू, पण आधी वजन उतरवा. वजन उतरवायला चालायला हवं, चालायला गुडघे हवेत, आणि गुडघ्यांना ऑपरेशन हवं. या चक्रात काकू बाजेवर बसून होत्या. जिना चढून माझ्याकडे येणं त्यांचं बंद झालं, म्हणून मीच संध्याकाळी खाली जाऊन बसायची. "बाई, मला कायबी नगं," त्या म्हणायच्या, "एकडाव माझ्या पायानं पाथरीला लेकीच्या घरी जायाचंय. जीपमधून मला गोणीवानी उतरवून घेत्यात, लय लाज वाटती."

अशात जावई एक छोटी पेटी घेऊन आला. पेटीत बर्फाची पिशवी आणि पिशवीत काचेच्या चिमुकल्या कुप्या. प्रत्येकीच्या तळाशी चिमूटभर पांढरी भुकटी.

"पेप्टाइड हाय, मामा," तो म्हणाला. "वजन उतरवायचं. दवाखान्यात तयार इंजेक्शन मिळतं ना, त्यातलंच औषध. फक्त पाणी आपण मिसळायचं. आमच्या जिममधी समदे हेच घ्यायलेत. आन हे बगा सर्टिफिकेट."

प्लॅस्टिकमध्ये मढवलेला कागद त्यानं पुढं केला. कागदावर एक आलेख होता, त्यात उंच सुळक्यासारखी एकच रेघ. खाली बॅच नंबर आणि 'शुद्धता नव्व्याण्णव टक्के'. साहेबांनी चष्मा लावला, कागद वाचला, उलटून मागची कोरी बाजूही वाचली. मग एक कुपी उजेडात धरली. लेबलावर इंग्रजीत मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, की हे केवळ संशोधनासाठी आहे, माणसांच्या वापरासाठी नाही.

"हे काय म्हणायलंय, पाव्हणं?"

"ते लिवावंच लागतं, मामा. कायद्यासाठी."

आम्ही सगळे साहेबांच्या तोंडाकडे बघत होतो. आता परखी निघणार, असं मला वाटलं. साहेबांनी कुपी हलकेच पेटीत ठेवली.

"छान हाय," ते म्हणाले.

काकूंनी माझ्याकडे बघितलं, मी काकूंकडे. या घरात पहिल्या नजरेत 'छान' हा शब्द मी त्याआधी ऐकला नव्हता.

जावई पाथरीची बस पकडून गेला आणि अर्ध्या तासात साहेब माझा जिना चढून वर आले. खुर्चीत न बसताच त्यांनी मला फैलावर घेतलं, जणू त्या कुप्या मीच विकल्या होत्या. "बाई, हा कागद कंच्या बाटलीचा? पेटीतल्या बाटलीचा हाय का? न्हाई. त्या बॅचमधली कंचीतरी एक बाटली कंपनीनं आपल्या हातानं उचलली, आपल्या पसंतीच्या प्रयोगशाळेला धाडली. म्हंजे नमुना दिला, काढला न्हाई! दुसरं. शुद्ध हाय म्हणतो. बरं, शुद्ध हाय. किती हाय ते कुठं लिवलंय? लेबलावर लिवलंय पाच. आत तीन असलं तर? आठ असलं तर? दूध निर्भेळ हाय म्हणून काय शेर भरतो का?"

"मला कशाला विचारता साहेब? जावयांना विचारा ना."

 कुणाच्या थोबाडीत मारायला सांगितल्यासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "पाव्हण्याच्या पोत्यात कुणी परखी मारतं का, बाई?" एवढं म्हणून ते जिना उतरून गेले.

तर असं काकूंचं इंजेक्शन सुरू झालं. सुई कशी टोचायची, सुईच्या नळीवरच्या कोणत्या रेघेपर्यंत औषध घ्यायचं, हे जावयानं शिकवून ठेवलं होतं. पहिल्या कुपीनं काही झालं नाही. भूक होती तशीच. काकू भाकरी मोडता मोडता म्हणायच्या, "पेपटाईट चांगलं हाय. तोंडाला चव आली." जावयानं फोनवर सांगितलं, रेघ वाढवा. वाढवली. तरी काही नाही, म्हणून आणखी वाढवली. ती कुपी संपली आणि त्याच पेटीतली, त्याच बॅचची दुसरी कुपी उघडली. रेघ अर्थातच वाढवलेलीच ठेवली.

त्या दिवशी दुपारपासून काकूंना उलट्या सुरू झाल्या. पाणीसुद्धा पोटात ठरेना. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या न्हाणीत बसल्या त्या उठल्याच नाहीत. मी आणि साहेबांनी त्यांना रिक्षात घातलं. साहेबांच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. सलाइन लावता लावता त्यांनी विचारलं, "किती डोस घेतला होता?"

साहेबांनी लेबलावरचा आकडा सांगितला, रेघेचा हिशेब सांगितला.

"लेबलाचं राहू द्या आजोबा. बाटलीत प्रत्यक्ष किती होतं?"

आयुष्यभर साहेबांनी हा प्रश्न दुसऱ्यांना विचारला होता.  ते भिंतीला टेकून खाली बसले, दवाखान्याच्या फरशीवर. मला त्यांची फार दया आली आणि तितकाच रागही आला.

जावई आला, शहाळी घेऊन आला. डोळे ओले होते, खोटं कशाला बोलू. पण बोलला ते विक्रेत्याचंच. "एखाद्याच्या अंगाला सूट होत न्हाई, मामा. बाकी कुणाची तक्रार न्हाई." साहेबांनी मान हलवली. पाव्हण्यासाठी स्टूल पुसून दिलं.

तिसऱ्या दिवशी काकूंना बोलण्याइतकी शक्ती आली. साहेब उशाशी बसून मोसंबी सोलत होते. फळवाल्याच्या ढिगातून तळाची काढलेली, हे सांगायला नको.  काकू म्हणाल्या, "आवो, एक इचारू का? मीठ तपासलं, बिस्कुट तपासलं, ह्या बाईंचं शिकवणं तपासलं. मंग पोरगी देताना परखी कुठं ठिवली होती?"

साहेब मोसंबी सोलत राहिले. सगळी सालं काढून झाल्यावरही ते नुसतेच बोटं हलवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब कपाळावर आठी घेऊन माझ्या दारात उभे. अंगात इस्त्रीचा शर्ट. "बाई, पाथरीला चला. पंच लागतो." नमुना काढताना साक्षीला पंच हवा असा नियम होता म्हणे. मी म्हटलं, नियम बियाण्याचा आहे, हे इंजेक्शन आहे. "पंच पंचच असतो," ते म्हणाले. काकूंपाशी शेजारणीला बसवलं आणि मी कॉलेजात रजा कळवली. तासिका तत्त्वावर रजा म्हणजे त्या दिवसाचा पगार नाही, पण हे बघायचं सोडून मी व्याकरण शिकवणार नव्हते.

एसटीनं पाथरीला पोचलो. जिममध्ये चार-पाच पोरं लोखंड उचलत होती. जावई लगबगीनं पुढं आला. "जयभीम, मामा! या या. मामी कशा हायत?" जिमच्या मागंच घर. ताई पदराला हात पुसत दारात आली आणि वडिलांचा चेहरा बघून तिथंच थांबली.

जिमच्या कोपऱ्यात फ्रीज होता. आत अंडी, दही आणि कुप्यांचा खोका. "नमुना काढायचाय," साहेब म्हणाले.

"काढा की मामा. ही घ्या," जावयानं वरची कुपी पुढं केली. "हिचा रिपोर्ट फायलीला हाय."

"नमुना देऊ नका, पाव्हणं. मी काढतो."

हे वाक्य जावयाशी बोलताना त्यांचा आवाज किंचित फाटला. बाकी काम मात्र त्यांनी निगुतीनं केलं. खोका टेबलावर ठेवला, वरचे थर बाजूला केले, तळातल्या तीन कुप्या काढल्या. बॅच नंबर मला मोठ्यानं वाचायला लावले. तिन्ही एकाच बॅचच्या. एकीत भुकटी जरा जास्त दिसली म्हणून मी बोट दाखवलं, तर मलाच रागावले, "डोळ्यानं कळत न्हाई बाई. भुकटीत बिनऔषधाचा भरणा बी असतो."

मग त्यांनी नियम सांगितला. काढलेल्या नमुन्याचे तीन भाग करायचे. एक तपासणीला जातो, एक निरीक्षकाकडे राहतो, आणि तिसरा ज्याच्याकडून नमुना घेतला त्याच्या हवाली करायचा. दोन कुप्या त्यांनी बर्फाच्या डब्यात ठेवल्या. तिसरी जावयाच्या तळहातावर ठेवली.

"हा विक्रेत्याचा भाग."

"जपून ठिवू का, मामा?"

"जपून कशाला? घ्या टोचून. मामीनं घेतलं तेवढ्याच रेघेपस्तोर."

जावई हसला. पोरांनी लोखंड खाली ठेवलं. "मामा, मी जिमवाला माणूस. मला कुठं वजन उतरवायचंय?"

"मंग निम्मं घ्या."

"चेष्टा करायलाव का?"

"न्हाई."

जावयानं कुपी उलटीसुलटी करून बघितली. लेबल वाचलं, मला वाटतं, ते मुंगीएवढं वाक्य त्यानं पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचलं असावं.  दारातून ताई म्हणाली, "घ्या की. माझ्या मायला तर दिलं होतं."

"आगं, पर मला काय म्हाईत आत किती हाय ते!"

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच ऐकू आलं.  साहेबांनी त्याच्या हातातून कुपी परत घेतली.

"झाला रिपोर्ट," ते म्हणाले.

पुढचं काम ताईनं केलं. गल्ल्यावरचा मोबाइल उचलून तिनं नवऱ्याच्या हातात दिला. "लावा फोन. ज्याला ज्याला दिलं त्या समद्यांला." आम्ही बाकावर बसून चहा पीत होतो आणि तो एकेकाला सांगत होता, "वहिनी, ते घेऊ नगा... न्हाई, खराब म्हणून न्हाई, किती हाय ते पक्कं न्हाई... हां, उरलेलं परत आणून द्या." पहिल्या फोनला त्याची जीभ अडखळत होती, शेवटच्यापर्यंत आवाज बसला होता. साहेबांनी कपाच्या बुडाशी काय आहे हे न बघता चहा पिऊन टाकला.

परतीच्या एसटीत मी विचारलंच. "साहेब, त्यांनी खरंच टोचून घेतलं असतं तर?"

"हात धरला असता की! एकुलती लेक हाय माझी." मग बाहेर बघत म्हणाले, "खोटारडा न्हाई तो, बाई. त्यानं सत्यप्रत घेतलं आन सत्यप्रत इकलं. मला समजत हुतं, तरी मी छान म्हणलो. त्याच्यापरीस मीच वाईट."

दोन कुप्यांपैकी एक ठेवायची हा नियम साहेबांनी मोडला आणि दोन्ही हैदराबादच्या एका प्रयोगशाळेला धाडल्या. अहवाल आला. एकीत लेबलावरच्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी, दुसरीत त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त. शुद्धता मात्र दोन्हींची उत्तम. साहेबांनी हे काकूंना वाचून दाखवलं.

"म्हंजे मी शुद्ध ओकले म्हणा की," काकू म्हणाल्या.

पण हसण्यापुरतंच ते घर हसत होतं. जावयानं यायचं सोडलं. ताई एकटी आली, आईचे पाय चेपले, आणि निघताना वडिलांना म्हणाली, "खरं केलं तुमी, बाबा. पर माझ्या घरात केलं. पोरं अजून त्यांला इचारत्यात, विक्रेत्याचा भाग घेतला का म्हणून."  त्याच दिवशी साहेबांनी खिळ्यावरची परखी काढून कपाटामागं ठेवली. भाजीवाल्या बायका टोपली उपडी करायच्या आणि हे वरचीच वांगी घेऊन निघून यायचे. मला ते बघवत नसे. काकूंचं वजन आता डॉक्टरांच्या देखरेखीखाली, दवाखान्यातल्या मोजून दिलेल्या औषधानं सावकाश उतरत होतं. ऑपरेशनची तारीख मिळायची वेळ आली, तेव्हा काकूंनी जाहीर करून टाकलं, "लेक-जावई दोघं आल्याबिगर मी टेबलावर चढणार न्हाई." साहेब रोज फोन हातात घ्यायचे आणि खाली ठेवायचे.

आणि एका रविवारी जावई आला. ताईबरोबर, डोक्यावर खोका घेऊन. उंबऱ्याबाहेरच थांबला. खोका जमिनीवर ठेवला. आत कागदी पुडे होते, फुटाणे, शेंगदाणे आणि जवस भाजून दळलेल्या पिठाचे. जिमच्या पोरांसाठी ताईनं घरी केलेलं. लेबलावर वजन छापलेलं. जावई कुणाशी काही बोलला नाही. सरळ आत आला, खिळा रिकामा दिसला तसा इकडं-तिकडं शोधून कपाटामागची परखी ओढून काढली, साहेबांच्या हातात दिली आणि खोक्याकडे पाठ करून उभा राहिला.

"काढा, मामा."

पुड्यांना परखी लागत नाही. साहेबांनी ती काखेत मारली, गुडघे टेकले आणि पार तळाचा पुडा काढला. तागडी आणवली. तोलून बघितलं, पुन्हा तोललं. काकू बाजेवरून मान उंच करून बघत होत्या, ताई दाराच्या कडीशी चाळा करत होती.

"जास्त हाय," साहेब म्हणाले.

"आसू द्या की हो थोडं जास्त!" काकू तिकडून ओरडल्या. "पीठच हाय ते!"

"जास्तीनंच तू दवाखान्यात गेलतीस," साहेब म्हणाले आणि त्यांचा आवाज पाथरीला फाटला होता तसाच फाटला.

जावई अजून पाठमोराच होता. त्यानं मनगटानं नाक पुसलं. "पुन्हा भरतो, मामा. समदे."

"भरा. जेवल्यावर भरा."

पाट मांडले गेले. रविवार होता, मटण होतं. काकूंनी सवयीनं पहिलं ताट साहेबांपुढं सारलं. त्यांनी ते बाजूला केलं, स्वतः उठले, पळी पातेल्याच्या पार तळाला घातली आणि जे वर आलं ते जावयाच्या ताटात वाढलं.